दप्तरातून गेलेले श्रेय : स्क्रॅच आणि उसनवारीचा इतिहास

१/
तबकडी हाताने पुढेमागे घासून जुन्या गाण्यातून नवा नाद काढण्याच्या हिप-हॉप डीजेंच्या कलेस 'स्क्रॅचिंग' म्हणतात. एमआयटी मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझ्निक यांच्या गटाने मुलांसाठी घडविलेल्या प्रोग्रॅमिंग भाषेचे नाव याच कलेवरून आले. दुसऱ्याचे घेऊन आपले घडवावे, हा विचार त्या नावातच होता. आणि भांडणाचे बीजही!

२/
२००७ मध्ये स्क्रॅचचे संकेतस्थळ सर्वांसाठी खुले झाले. रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवून रचलेला प्रकल्प तेथे मांडला, की तो क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली येई. कोणीही तो घ्यावा, बदलावा, पुन्हा मांडावा. अटी दोन : मूळ कर्त्याचा उल्लेख करावा आणि नवी कृतीही तशीच खुली ठेवावी.

३/
परंतु परवाना वाचतो कोण? दहा-बारा वर्षांची मुले तर नाहीच. आपली कृती दुसऱ्याच्या नावावर झळकलेली पाहून 'चोरी' झाल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. तेव्हा प्रत्येक 'रीमिक्स'खाली मूळ प्रकल्पाचा दुवा आपोआप उमटेल, अशी सोय करण्यात आली. अभियंत्यांच्या दृष्टीने प्रश्न मिटला होता.

४/
मुलांच्या दृष्टीने मात्र तो मिटला नव्हता. हे संकेतस्थळ उभारणारे आंद्रेस मोन्रॉय-हर्नांदेझ आणि त्यांचे सहकारी यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आढळले, की यंत्राने छापलेल्या ओळीपेक्षा माणसाने स्वतःहून लिहिलेला उल्लेख मुलांना अधिक मोलाचा वाटे. पहिली ओळ माहिती होती, दुसरी कृतज्ञता. कायदेपंडितांना न सुचलेला हा भेद मुलांनी अचूक ओळखला.

५/
एखादेच पात्र हवे असेल तर? पहिल्या आवृत्त्यांत ते फाइल म्हणून बाहेर काढून दुसऱ्या प्रकल्पात आणावे लागे. २०१३ च्या मे महिन्यात स्क्रॅच २.० ब्राउझरमध्ये आले आणि त्याबरोबर 'बॅकपॅक' आला. मराठीत सरळ दप्तरच म्हणावे. पात्र, पोशाख, आवाज, ठोकळ्यांची जुळणी, जे हवे ते ओढून पडद्याच्या तळाशी ठेवायचे आणि दुसऱ्या प्रकल्पात उघडायचे. हे दप्तर खात्याशी जोडलेले, मालकापुरते खासगी.

६/
सोय विलक्षण होती. परंतु रीमिक्सची नोंद यंत्र ठेवते, दप्तराची ठेवत नाही. परक्या प्रकल्पाच्या आत शिरून त्यातील एक जुळणी उचलली, तर नव्या प्रकल्पावर तिचा कोणताही माग उरत नाही. परवान्याची अट तशीच लागू राहते. ती पाळणे सर्वस्वी घेणाऱ्याच्या हाती. २०१९ च्या जानेवारीत आलेल्या स्क्रॅच ३.० मध्येही दप्तर कायम राहिले. प्रकल्पाच्या पानावर टीपा व श्रेयासाठी एक रिकामी चौकट असते. दप्तरातून आलेल्या वस्तूच्या मूळ कर्त्याचे नाव तेथे हातानेच लिहावे लागते.