राखीव शिपायाचे घर

नाशकात लष्कराचे नाव निघाले की बोट देवळालीकडे जाते. तेथील तोफखाना सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु तेथेच प्रादेशिक सेनेचीही एक पायदळ पलटण आहे, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. या सेनेची कल्पना अशी की, मनुष्य मूळचा नोकरदार, दुकानदार अथवा शेतकरी असावा आणि बोलावणे येताच शिपाई व्हावा. तिचा कायदा १९४८ सालचा. १९६२, १९६५ आणि १९७१ या तिन्ही प्रसंगी तिला बोलावणे आले.

महाराष्ट्राला हा प्रकार नवा नाही. पावसाळ्यात छावणीस यावे आणि दसऱ्यास पुन्हा मुलखगिरीस निघावे, ही शिवकालीन रीत सभासदाने नोंदविली आहे. फौज बाहेर असता घराचे काय, हा प्रश्न महाराजांना सुटला नव्हता. अफझलखानाच्या प्रसंगानंतर जखमींना जखम पाहून पंचवीसपासून दोनशेपर्यंत होन दिले. मृतांच्या मुलांना चालविले. ज्यांस पुत्र नव्हता त्यांच्या बायकांस निमे वेतन करून दिले. निमे वेतन! उदारपणाच्या पुष्कळ कथा आपण ऐकतो. मला मात्र हा कोरडा हिशेब अधिक मोलाचा वाटतो.

पण मेलेल्याची आणि जखमी झालेल्याची सोय करणे सरकारला तुलनेने सोपे जाते. जो जिवंत आहे, धडधाकट आहे, पण घरी नाही, त्याच्या संसाराची अडचण निराळीच. त्याची नोकरी दुसऱ्याला मिळते, बांध सरकतो, दाव्याची तारीख चुकते.

नोकरीबाबत प्रादेशिक सेनेच्या कायद्यात कलम आहे. सेवा संपवून आलेल्या माणसास पूर्वीपेक्षा कमी नसलेल्या अटींवर परत घेणे हे मालकाचे कर्तव्य आहे. न घेतल्यास भरपाई द्यावी लागेल, तीही फार तर सहा महिन्यांच्या पगाराइतकी. थोडक्यात, एवढी रक्कम मोजली की मालक मोकळा! गंगापूर रोडवरील दुकाने, दवाखाने, शिकवण्या, कचेऱ्या चालविणारे गृहस्थ येथे बसले आहेत. चार माणसांच्या दुकानातून एक गेला तर पंचाईत होते, हे खरे. तरीही बदली माणूस नेमताना 'तो येईपर्यंत' एवढे दोन शब्द कागदावर लिहून ठेवणे कोणालाही जड नाही.

दाव्यासाठी १९२५ चा भारतीय सैनिक खटले कायदा आहे आणि तो अजून जिवंत आहे. युद्धावर किंवा तशाच विशेष परिस्थितीत असलेल्या शिपायाविरुद्ध दिवाणी वा महसुली काम चालू असेल, तर कलेक्टर तसा दाखला कोर्टास पाठवू शकतो आणि कोर्टास काम थांबवावे लागते. आनंदवल्लीपासून गंगापूर गावापर्यंत जेथे शेते होती तेथे आता बंगले आणि सदनिका उभ्या आहेत. तेथे वीतभर जमिनीचेही भांडण कोर्टात जाते. अशा दाव्याचे समन्स शिपायाच्या म्हाताऱ्या आईच्या हाती पडते. तिला हा कायदा ठाऊक नसतो, आणि कलेक्टरला तिचा मुलगा कोठे आहे हे ठाऊक नसते. मध्ये असतो तो शेजारी, तलाठी, गल्लीतला एखादा वकील. म्हातारीला बरोबर घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची पायरी चढावयाची ती यांच्यापैकीच कोणीतरी.