प्रकाशपुंजाची अविभाज्यता

विवेचनापूर्वी तीन संज्ञांचा अर्थ निश्चित करणे आवश्यक आहे. जो विक्षोभ अवकाशात पसरतो, ज्याचे दोन भाग एका स्थानी आले असता त्यांची चिन्हासह बेरीज होते आणि ज्याची ऊर्जा कितीही लहान अंशांत विभागता येते, तो तरंग. जी वस्तू प्रत्येक क्षणी एकाच स्थानी असते आणि एकाच मार्गाने जाते, ती कण. एखाद्या राशीचा ज्याहून लहान अंश देता-घेता येत नाही, तो तिचा पुंज. पुंज आणि कण या संज्ञा समानार्थी नाहीत. त्या तशा मानल्यामुळेच या विषयात बहुतेक गोंधळ होतो.

तरंगाची पहिली दोन लक्षणे प्रकाशात आहेत, हे १९ व्या शतकात सिद्ध झाले. दोन फटींतून आलेला प्रकाश एकत्र आला की पडद्यावर काही ठिकाणी अंधार होतो. प्रकाशात प्रकाश मिळून अंधार व्हावयाचा, तर बेरजेत ऋण चिन्ह असलेच पाहिजे. प्रश्न तिसऱ्या लक्षणाचा आहे : ही ऊर्जा कितीही विभागता येते काय?

येथे दोन विधाने वेगळी केली पाहिजेत. (१) द्रव्य आणि प्रकाश यांच्यातील ऊर्जेची देवघेव पुंजांत होते. (२) देवघेवीपूर्वी, प्रवासात असतानाही, प्रकाशाची ऊर्जा पुंजरूपच असते. दुसरे विधान पहिल्याहून बलवत्तर आहे आणि पहिल्यावरून ते निष्पन्न होत नाही.

१९०० मध्ये माक्स प्लांक यांनी तप्त पोकळीतील प्रारणाचा नियम सिद्ध करताना पोकळीच्या भिंतीतील आंदोलकांची ऊर्जा पुंजांत मोजली. पुंजाची ऊर्जा म्हणजे वारंवारता गुणिले एक स्थिरांक. त्यांचे गृहीतक द्रव्यापुरते होते. १९०५ मध्ये आइन्स्टाइन यांनी तेच सूत्र खुद्द प्रकाशाला लावले आणि त्यावरून प्रकाशविद्युत् परिणामाचे स्पष्टीकरण दिले.

हा परिणाम आकड्यांत पाहणे इष्ट. सोडियमच्या पृष्ठभागातून एक इलेक्ट्रॉन बाहेर काढण्यास सुमारे २.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. ७०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या तांबड्या प्रकाशाचा पुंज सुमारे १.८ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा असतो. म्हणून नेहमीच्या दिव्याचा तांबडा प्रकाश कितीही प्रखर केला तरी इलेक्ट्रॉन निघत नाही. ४०० नॅनोमीटरच्या जांभळ्या प्रकाशाचा पुंज ३.१ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा असल्याने मंद प्रकाशातही इलेक्ट्रॉन निघतो आणि त्याच्याजवळ जास्तीत जास्त ०.८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट गतिज ऊर्जा उरते. तीव्रता वाढविल्यास इलेक्ट्रॉनांची संख्या वाढते, प्रत्येकाची कमाल ऊर्जा वाढत नाही. मिलिकन यांनी १९१६ पर्यंत केलेल्या मापनांनी आइन्स्टाइन यांचे समीकरण तंतोतंत खरे ठरविले. तरीही प्रकाशपुंजाची कल्पना त्यांनी तेव्हा स्वीकारली नाही, आणि तर्कदृष्ट्या तो संयम योग्यच होता.

याचे कारण असे. वरील मापने विधान (१) स्थापित करतात. विधान (२) ला ती केवळ अनुकूल आहेत. १९६९ मध्ये लॅम आणि स्कली यांनी दाखविले की, प्रकाशाला अखंड तरंग मानून केवळ द्रव्याला पुंजयामिकीचे नियम लावले, तरी या परिणामाची मुख्य लक्षणे प्राप्त होतात. प्रकाशविद्युत् परिणामावरून प्रकाशाचे पुंजत्व सिद्ध झाले, असे अनेक प्राथमिक पुस्तके सांगतात. ते अनुमान अपुरे आहे.

निर्णायक कसोटी विभाजनाचीच हवी. अर्धपारदर्शक आरशावर प्रकाश टाकावा आणि परावर्तित व पारगत अशा दोन्ही मार्गांवर एकेक शोधक ठेवावा. प्रकाशाची ऊर्जा विभाज्य असेल तर ती दोन्हीकडे जाईल आणि दोन्ही शोधक एकाच वेळी नोंद करण्याचे प्रमाण एका किमान मर्यादेखाली जाणार नाही. ती अविभाज्य असेल तर एका पुंजाची नोंद एकीकडेच होईल. दिवा मंद करून ही कसोटी घेता येत नाही. मंद प्रकाशातही पुंज यदृच्छया जोडीने येतात, आणि शोधकांच्या नोंदींचे प्रमाण त्या मर्यादेखाली उतरत नाही. फ्रान्समधील ऑर्से येथे ग्रांजिए, रोजे आणि आस्पे यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कॅल्शियमचा अणू एकामागून एक दोन पुंज उत्सर्जित करीत असे. पहिला पुंज दुसऱ्याच्या आगमनाची सूचना देई आणि तेवढ्या अल्पावधीतच शोधक नोंद घेत. दोहोंकडे एकाच वेळी होणाऱ्या नोंदी तरंग-मर्यादेच्या पुष्कळ खाली आढळल्या. विधान (२) येथे सिद्ध होते.

आता तोच उद्गम ठेवून आरशानंतरचे दोन्ही मार्ग दुसऱ्या आरशावर पुन्हा एकत्र आणले. एकेक पुंज येत असूनही व्यतीकरणाचे पट्टे मिळाले आणि त्यांची स्पष्टता ९८ टक्क्यांहून अधिक होती. पुंज एकाच मार्गाने गेला असता तर दुसऱ्या मार्गाच्या लांबीतील बदलाचा परिणाम त्याच्यावर झाला नसता. तो झाला. म्हणून पुंज अविभाज्य आहे, परंतु व्याख्येतील अर्थाने तो कण नाही.

या दोन निष्कर्षांत विसंगती नाही. पुंजयामिकीनुसार चिन्हासह बेरीज होते ती प्रत्येक मार्गाला जोडलेल्या संभाव्यता-परमप्रसराची, आणि त्या बेरजेच्या परिमाणाचा वर्ग म्हणजे शोधकावर नोंद होण्याची संभाव्यता. नोंद मात्र नेहमी संपूर्ण पुंजाचीच होते. प्रकाश कधी तरंग असतो आणि कधी कण, हे प्रचलित वाक्य त्यामुळे अध्यापनातून वगळावे, आणि प्रकाशविद्युत् परिणामाच्या पाठोपाठ अर्धपारदर्शक आरशाचा प्रयोग शिकवावा.