चव घेणारा पुरुष, बनवणारी बाई

बियरचं नाव काढताच तुमच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. दारूबंदीसाठी भांडलेल्या बायांपुढे बोलताना मीही बिचकतेच. पण ही गोष्ट हिशेबाची आहे, ऐका.

सातशे वर्षांपूर्वी इंग्लंडच्या खेड्यांत बियर बाया घरीच करायच्या. जवाला मोड आणायचे, वाळवून भरडायचे, गरम पाण्यात कालवून गाळायचं आणि आंबवायचं. तिला ‘एल’ म्हणत. घरापुरती ठेवून उरलेली विकायची. चार-आठ दिवसांत ती आंबट होई, म्हणून थोडी थोडी करत राहायची. ताजी झाली की दाराबाहेर काठी लावायची. गिऱ्हाईक समजून जाई.

पण आधी गावचा नेमलेला चवदार बोलवायचा. तो बहुधा पुरुषच. घोट घेऊन तो माल चांगला की वाईट ते ठरवी, मापही बघे. भाव कायद्यानं धान्याच्या दराशी बांधलेला. ब्रिगस्टॉक गावच्या जुन्या दप्तरात अशा बायांची नावं दंडासकट आहेत. दंड कसला, परवान्याची फीच ती! भरायची आणि पुढची खेप लावायची. त्या दंडामुळेच तर त्यांची नावं उरली.

१४००च्या सुमारास समुद्रापलीकडून हॉप्स नावाच्या वेलीची फुलं घातलेली बियर आली. ती खूप टिके, लांब पाठवता येई. मग मोठी भांडी, जास्त सरपण, भांडवल लागलं. लग्न झालेल्या बाईला स्वतःच्या नावानं करार करणं अवघड, मग उधारी कोण देणार? १६००पर्यंत धंदा बहुतेक पुरुषांकडे गेला. पुष्कळ बाया दुसऱ्यानं केलेली बियर पेल्यांत ओतून देत राहिल्या.