जोसेफ दुसरा : न विचारता केलेलं भलं

मागच्या व्याख्यानात आपण 1789 च्या पॅरिसमध्ये होतो. आज व्हिएन्नाला जाऊ. फ्रान्समध्ये लोकांनी रस्त्यावर उतरून जे मिळवलं, त्यातलं बरंच काही इथे सम्राट स्वतःच आधीपासून हुकूम काढून देत होता. तरी मरण्यापूर्वी त्याला स्वतःच्याच हातानं त्यातलं पुष्कळ मागे घ्यावं लागलं. असं का झालं?

जोसेफचा जन्म 1741 चा. 1765 मध्ये वडील गेले आणि तो पवित्र रोमन सम्राट झाला. पण ऑस्ट्रिया, बोहेमिया, हंगेरीच्या कारभारात शेवटचा शब्द आईचा, मारिया थेरेसाचा. पंधरा वर्षं तो आईच्या हाताखाली धुमसत राहिला. नोव्हेंबर 1780 मध्ये ती वारली आणि हुकमांचा पाऊस सुरू झाला. 1781 मध्येच प्रॉटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स प्रजेला उपासनेची मोकळीक मिळाली, बोहेमियातल्या भूदासांना मालकाच्या परवानगीशिवाय लग्न करण्याची, गाव सोडण्याची, धंदा शिकण्याची मुभा मिळाली. नुसत्या ध्यानधारणेत राहणारे शेकडो मठ बंद झाले. 1784 मध्ये व्हिएन्नाचं मोठं सार्वजनिक रुग्णालय उघडलं.

त्याच वर्षी त्यानं लाकूड वाचवायला काय केलं पाहा: प्रेत पिशवीत शिवायचं, आणि तळ उघडणारी एकच शवपेटी पुन्हा पुन्हा वापरायची! लोक इतके भडकले की काही महिन्यांत हुकूम रद्द करावा लागला. आपण हसतो, पण हिशेबात तो चुकला नव्हता. मेलेल्या माणसाच्या घरी काय चाललेलं असतं, हे मात्र त्याच्या हिशेबात नव्हतं.

आता ट्रान्सिल्व्हानियात येऊ. आम्हाला हा प्रसंग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तिथला रुमानियन शेतकरी हंगेरियन जमीनदारांच्या वेठबिगारीत पिचलेला. होरिया नावाचा एक शेतकरी गावकऱ्यांच्या तक्रारी घेऊन अनेकदा व्हिएन्नाला जाऊन आला. सम्राट आपल्या बाजूचा आहे, अशी लोकांची खात्री झाली. 1784 च्या हिवाळ्याच्या तोंडाशी बातमी पसरली, की सरहद्दीच्या पलटणीत नाव नोंदवलं की वेठ सुटते. नोंदणीला निघालेल्यांना अधिकाऱ्यांनी अडवलं आणि बंड पेटलं. वाडे जळाले, जमीनदारांची कुटुंबं मारली गेली. बंडखोर म्हणत होते, आम्ही सम्राटाच्याच मर्जीनं हे करतोय. सम्राटानं सैन्य पाठवलं. फेब्रुवारी 1785 मध्ये होरिया आणि त्याचा सोबती क्लोश्का यांना चाकानं हाडं मोडून ठार केलं; पाहायला गावोगावचे शेतकरी मुद्दाम आणवले होते. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जोसेफनं हंगेरी आणि ट्रान्सिल्व्हानियातली भूदासगिरी रद्द केली! म्हणजे मागणी रास्त होती, हे त्याला कळत होतं. फक्त ती खालून आलेली त्याला चालत नव्हती.

उमरावांशीही त्याचा तोच खाक्या. हंगेरीत राज्याभिषेक करून घेतला, तर तिथल्या जुन्या हक्कांची शपथ घ्यावी लागेल, म्हणून त्यानं तो केलाच नाही. उलट सेंट स्टीफनचा मुकुट उचलून व्हिएन्नाच्या खजिन्यात ठेवला. कारभारात लॅटिनऐवजी जर्मन आणली. फेब्रुवारी 1789 मध्ये नवा जमीनकर जाहीर केला : उत्पन्नाच्या शंभरातले 70 शेतकऱ्याकडे, 12 च्या वर सरकारला, उरलेले जमीनदाराला. हेतू चांगलाच. पण ना उमरावांशी बोलणं, ना शेतकऱ्यांशी. काही ठिकाणी शेतकऱ्यांनी नवा कर लागू व्हायच्या आधीच वेठीला जाणं सोडलं.

त्यातच 1788 पासून तुर्कांशी युद्ध. छावणीत आजार आणि स्वतः जोसेफही खंगलेला. 1789 च्या शेवटी बेल्जियम हातातून गेलं. तिथं तर जुने हक्क परत द्या म्हणून उठाव झाला, पॅरिसच्या अगदी उलट दिशेनं! हंगेरीही उठण्याच्या बेतात होती.

जानेवारी 1790 मध्ये अंथरुणावरून त्यानं हंगेरीपुरते आपले हुकूम रद्द केले. धर्माची मोकळीक आणि भूदासांची सुटका मात्र राखली. पाद्रींच्या पगारांची व्यवस्थाही. नव्या जमीनकराचं दफन नंतर धाकट्या भावानं, लिओपोल्डनं केलं. फेब्रुवारीत मुकुट व्हिएन्नाहून बुडाकडे परत निघाला आणि वाटेत गावोगावी लोकांनी जल्लोष केला. त्याच आठवड्यात, 20 तारखेला, जोसेफ वारला.