मुरमावरची काळी माती

वर्धा जिल्ह्यात जुन्या वस्तीचा माग काढायचा तर आधी पांढरी, म्हणजे जुन्या वस्तीची पांढुरकी माती, शोधावी लागते. धाम नदीकाठचे पवनार हे त्याचे ठळक उदाहरण. तिथल्या टेकाडावर 1967 साली शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी नागपूर विद्यापीठातर्फे उत्खनन केले, तेव्हा एकावर एक साचलेल्या वस्त्यांचे थर उघडे पडले. राख, खापरे आणि घरांच्या मातीने वाढत गेलेले असे टेकाड म्हणजे जिवंत माणसांचा पसारा.

मेलेल्यांची जागा वेगळी.

ती बहुधा पिकाच्या कामाची नसलेल्या मुरमाड माळावर असते. ओबडधोबड दगडगोट्यांचे गोल कडे आणि मध्ये किंचित फुगीर भाग, एवढीच तिची खूण. अभ्यासक त्याला शिलावर्तुळ म्हणतात. विदर्भात अशी वर्तुळे शेकड्यांनी आहेत. नागपूरजवळच्या जुनापाणीतच सुमारे तीनशे आहेत, तर वर्धा जिल्ह्यातले खैरवाडा त्यांच्या मोठ्या समूहासाठी ओळखले जाते. ही दफने लोहयुगातली, ढोबळमानाने इ. स. पू. पहिल्या सहस्रकातली.

पण माळावर गोटे कुठे नसतात? काही निसर्गानेच विखुरलेले, काही शेतकऱ्याने वावरातून वेचून धुऱ्यावर टाकलेले. म्हणून नुसता दगड पाहून भागत नाही. कडे बंद आहे का, दगड साधारण एका मापाचे निवडलेले आहेत का, शेजारी आणखी कडी आहेत का, हे पाहावे लागते. काही गोट्यांवर वाटीसारखे कोरलेले खळगे ओळीने दिसतात. ते दिसले की माणसाच्या हाताबद्दल शंका उरत नाही.

सर्वांत बोलकी खूण मातीत असते. अनेक वर्तुळांच्या आत चिकट काळी माती भरलेली सापडली आहे. भोवती पिवळसर मुरूम आणि मधेच काळी! अशी माती तिथे आपोआप येत नाही, ती कुणीतरी वाहून आणलेली असते.

योगायोग असा, की जुनापाणीच्या वर्तुळांकडे जगाचे लक्ष वेधणारा रिव्हेट-कार्नॅक हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडात कापूस आयुक्त होता. काळ्या मातीच्या पिकाचा हिशेब ठेवणाऱ्या या इंग्रज अधिकाऱ्याचे वर्तुळांवरचे टिपण 1879 मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे जुनापाणी, टाकळघाट-खापा, माहुरझरी, नायकुंड इथल्या उत्खननांतून लोखंडी कुऱ्हाडी, काळी-तांबडी भांडी आणि घोड्यांचे साज मिळाले. माहुरझरीत तर माणसांबरोबर घोडेही पुरलेले आढळले, तेही तांब्याच्या आभूषणांसह.

आज याच माळांवर मुरमाच्या खाणी चालतात. जेसीबीला धुऱ्यावरचा ढीग आणि अडीच हजार वर्षांपूर्वीचे कडे यांतला फरक कळत नाही, आणि वर्तुळ एकदा उकरले गेले की आतली काळी माती भोवतालच्या मुरमात मिसळून जाते.