हजेरीपटाबाहेरचा प्रतिनिधी

कामगार चळवळीच्या इतिहासात संपांची वर्णने विपुल आहेत. पण कामगारांनी आपल्यातून निवडलेला प्रतिनिधी कोणत्या खात्यातून आला, आणि कोणाला निवडून येण्याची वाटच नव्हती, हा प्रश्न क्वचितच विचारला गेला. भिवंडीच्या यंत्रमागांवर युनियनची पावतीपुस्तके घेऊन फिरताना तो मला आडवा आला. एका शेडमध्ये मी म्हणालो, तुमच्यातून एक माणूस निवडा. एका माग चालवणाऱ्याने उलट विचारले, की आम्ही इथे कामाला आहोत हे कुठे लिहिले आहे? मला उत्तर देता आले नाही. ते शोधायला मुंबईच्या गिरण्यांपर्यंत मागे जावे लागते.

१९२८ च्या सहा महिन्यांच्या संपात गिरणी कामगार युनियन उभी राहिली. तिचे अध्यक्ष अर्जुन आत्माराम आळवे स्वतः गिरणी कामगार होते. गिरणीगिरणीत कामगारांच्या समित्या झाल्या. जॉबरच्या मर्जीवर जगणाऱ्या माणसाला आपल्या बरोबरीच्या माणसाकडून गाऱ्हाणे मांडता येऊ लागले. या समित्यांचे मोल मी कमी लेखत नाही.

परंतु त्याच गिरण्यांत विणकाम खात्याचे दार अस्पृश्यांना बंद होते. धोट्यातला दोरा तोंडाने ओढावा लागे. अस्पृश्याच्या तोंडचा धोटा सवर्ण कामगाराला विटाळ वाटे. विणकाम खात्यात मजुरी अधिक, आणि संपांचे पुढारपणही बहुधा विणकरांकडे. म्हणजे विटाळाने केवळ पगार नव्हे, प्रतिनिधित्वही हिरावून घेतले. ज्याला खात्यातच पाऊल टाकता येत नाही, तो त्या खात्याच्या वतीने बोलणार कसा?

बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना बजावले, की सर्व खात्यांत काम करण्याचा आमचा हक्क मान्य करा, नाहीतर आमचे लोक संपातून बाहेर पडतील. पुढाऱ्यांनी नाइलाजाने ही मागणी यादीत घातली. मालकांनी उत्तर दिले, की हा अन्याय असलाच तर तो आम्ही केलेला नाही. उत्तर मालकांच्या सोयीचे होते, पण खोटे नव्हते. १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले, त्यामागे हा अनुभवही होता.

पुढे १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने प्रतिनिधित्व नोंदणीच्या कागदावर नेले. कामगारांच्या वतीने कोण बोलणार, हे गुप्त मतदानाने नव्हे, सभासदांच्या नोंदीवरून ठरू लागले. राष्ट्रीय मिल मजदूर संघाची मान्यता याच कायद्यावर उभी होती, आणि १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपाचा रोख तिच्यावरही होता. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर असताना कापड मात्र बाजारात येतच राहिले. त्यातले बरेच भिवंडीच्या मागांवर विणले जात होते.

भिवंडीत विटाळाची गरज पडली नाही. इथे माग चालवणारे मोमीन-अन्सारी, तेलंगणातले पद्मशाली, उत्तर प्रदेश-बिहारचे स्थलांतरित. इथे हजेरीपटच नाहीसा केला गेला. १९४८ च्या कारखाना कायद्याने विजेवर चालणाऱ्या ठिकाणी १० कामगारांची अट घातली. तेव्हा एकाच छपराखालचे माग घरातल्या चार जणांच्या नावांवर वाटले गेले. मजुरी मीटरवर, पाळी १२ तासांची, जेवण भिशीत उधारीवर. कागदावर कामगारच नाही, तर त्याचा प्रतिनिधी कुठून येणार?

हे लोक प्रतिनिधित्वाला अपात्र आहेत, असे कोणी म्हणू नये. १९७० आणि १९८४ च्या दंगलींत होरपळलेल्या याच गावात पुढे मोहल्ला समित्या झाल्या. साधी माणसे एकत्र बसली, आणि डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. जो माणूस गावाची शांतता राखू शकतो, त्याला आपल्या मजुरीचा दर बोलता येणार नाही?

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे. दारावर नाव नसलेल्यांची लढाई मतपेटीच्या आधी सुरू होते. बाबासाहेबांनी आधी खाते मागितले, समितीतली जागा नंतर. भिवंडीत आधी हजेरीपट मागावा लागेल. आता मी शेडमध्ये गेलो, की प्रतिनिधी निवडा असे पहिल्यांदा म्हणत नाही. वही उघडतो आणि नावे लिहून घेतो.