एका वर्षाचा जमाखर्च

आमच्या घरांत एक जुनी रीत आहे. पाडव्याच्या दिवशीं गुढी उभारून झाली, कडुनिंबाचें पान खाऊन झालें, कीं घरांतील वडील माणसानें सरत्या वर्षाचा जमाखर्च मांडावयाचा. काय मिळालें, कोणाचें ऋण झालें, पुढें काय योजिलें आहे, हें चार वाक्यांत सर्वांना सांगावयाचें. यंदा आमच्या ठाण्याच्या घरावर गुढी नव्हती. गेल्या वर्षीं माझ्या धाकट्या कन्येनें वैद्यकाची पदवी घेतली, आणि त्यानंतर चारच महिन्यांनीं माझी आई गेली. नातीच्या पदवीचा कागद पाहण्यापुरती ती थांबली होती, असें आप्तेष्ट म्हणत. परंतु त्या म्हणण्यानें माझें समाधान होईना. हीं दोन कलमें एका पानावर लिहावयाचीं तरी कशीं ?

घरीं गुढी नसल्यामुळें त्या सकाळीं मी डोंबिवलीस एका स्नेह्याकडे गेलों. तेथें १९९९ सालीं श्रीगणेश मंदिर संस्थानच्या पुढाकारानें नववर्षाची स्वागतयात्रा सुरू झाली, आणि पुढें अनेक गांवांनीं तिचें अनुकरण केलें. या यात्रेंत एका चित्ररथावर सात-आठ वर्षांची एक मुलगी नऊवारी लुगडें नेसून, गळ्यांत स्टेथॉस्कोप घालून बसली होती. पाटीवर नांव होतें, डॉ. आनंदीबाई जोशी. कल्याणची ही कन्या शेजारच्या गांवानें आपली मानावी, यांत नवल नाहीं. पण त्या हसऱ्या मुलीकडे पाहतां पाहतां माझ्या मनांत आलें, कीं ज्या एका वर्षासाठीं आपण आनंदीबाईंना आठवतों, त्या वर्षाचा हिशेब इतिहासानें कसा मांडावा ?

आनंदीबाई म्हणजे कल्याणच्या गणपतराव जोशी यांची यमुना. जन्म ३१ मार्च १८६५ चा. नवव्या वर्षीं तिचा विवाह टपालखात्यांतील गोपाळराव जोशी यांच्याशीं झाला. चौदाव्या वर्षीं तिला मुलगा झाला, आणि तो अवघ्या दहा दिवसांत गेला. येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. कल्याणास आगगाडी १८५४ सालींच आली होती, आणि मुंबईस ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय १८४५ पासून चालू होतें. विद्या फार दूर नव्हती. परंतु बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्यापाशीं ती थबकत असे. पुरुष वैद्यास सहसा आंत प्रवेश नसे, आणि ती विद्या शिकलेली स्त्री कोठें नव्हती. हा उंबरा ओलांडण्यासाठीं एका मुलीला दोन समुद्र ओलांडावे लागले.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजीं श्रीरामपूर येथील महाविद्यालयांत आनंदीबाईंनीं आपल्या परदेशगमनाचें कारण जाहीर सभेंत सांगितलें : या देशांत स्त्री-वैद्यांची नितांत गरज आहे, आणि आपण हिंदू म्हणून जाऊं व हिंदू म्हणूनच परत येऊं. हें श्रीरामपूर बंगालमधील, हुगळीकांठचें. ७ एप्रिलला कलकत्त्याहून निघून जूनमध्यें त्या न्यूयॉर्कला पोंचल्या. केवळ पत्रांवरून स्नेह जडलेल्या श्रीमती कार्पेंटर या बाईंनीं त्यांना आपल्या घरीं ठेवून घेतलें. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयांत त्या तीन वर्षें शिकल्या. तेथील थंडी सोसेना, अन्न मानवेना, आणि क्षयानें शरीर पोखरत चाललेलें. तरीहि ११ मार्च १८८६ रोजीं त्यांना एम्. डी. ची पदवी मिळाली. त्या समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. ही निवड ज्यास आकस्मिक वाटेल, त्यानें कल्याणच्या त्या दहा दिवसांच्या बाळाची आठवण करावी.

कोल्हापूर संस्थानानें त्यांना आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री-विभागावर नेमलें. १८८६ च्या अखेरीस त्या मुंबईस परतल्या, त्या रुग्णशय्येवर पडण्यासाठींच. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यांत त्यांचें निधन झालें. बावीस वर्षें पुरीं होण्यास महिना उरला होता. पदवीपासून मृत्यूपर्यंत मोजून ३५२ दिवस. कोल्हापूरच्या त्या जागेवर त्या रुजूहि होऊं शकल्या नाहींत. त्यांच्या अस्थि श्रीमती कार्पेंटर यांच्याकडे पाठविण्यांत आल्या, आणि अमेरिकेंतील पोकीप्सी येथें त्या कुटुंबाच्या दफनभूमींत त्यांना जागा मिळाली.

अशा वर्षाला यशाचें वर्ष म्हणावयाचें कीं हानीचें ? त्या ज्योतीनें शेंकडों ज्योती उजळल्या, असें लिहून मोकळें होण्याचा मोह आम्हां शिक्षकांना फार. इतिहास इतका आज्ञाधारक नसतो. आनंदीबाईंच्या निधनानंतर सहाव्या दिवशीं, ४ मार्च १८८७ ला, मुंबईच्या उच्च न्यायालयानें रखमाबाईंना नवऱ्याकडे नांदावयास जाण्याची आज्ञा केली. न पाळल्यास सहा महिने कैद. काळ बदलला नव्हता. परंतु याच रखमाबाई पुढें लंडनला शिकून १८९४ सालीं डॉक्टर झाल्या आणि त्यांनीं सुरत व राजकोट येथें दीर्घकाळ रुग्णसेवा केली. कलकत्त्याच्या कादंबिनी गांगुली यांनीं १८८६ सालींच, मायदेशीं राहून, वैद्यकीची पात्रता मिळविली होती. या साऱ्यांचें श्रेय आनंदीबाईंच्या खातीं घालणें अन्यायाचें होईल. प्रत्येकीनें आपलें ऋण आपल्या कष्टांनीं फेडलें. एवढें मात्र म्हणतां येईल, कीं एका पिढीच्या कित्येक स्त्रिया एकमेकींस न पाहतां एकाच दाराशीं येऊन उभ्या होत्या, आणि आनंदीबाईंचा हात त्या दारावर आधीं पडला.

आणखीहि एक म्हणतां येईल. २६ फेब्रुवारीनें ११ मार्च पुसला गेला नाहीं. पुढचें कलम कितीहि कडू असलें, तरी आधीं जमा झालेली रक्कम खोटी ठरत नाहीं. कृतज्ञतेला शेवट गोड होण्याची अट घालूं नये, हें त्या यात्रेंतून परततांना मला प्रथमच नीट उमजलें.

माझी आई कल्याणचीच. तिचें पहिलें मूल घरींच बाळंतपणांत गेलें होतें. त्याविषयीं ती आयुष्यांत दोन-तीनदांच बोलली असेल. नातीनें पदवीचा कागद पुढें केला तेव्हां तिनें त्यावरून हात फिरविला आणि विचारलें, "बायकांना तपासशील ना ग ?" मुलगी आतां एका सरकारी रुग्णालयाच्या प्रसूतिविभागांत काम करते. पाडव्याच्या रात्रीं ती पाळी संपवून उशिरां आली, तेव्हां मीं माझीं चार वाक्यें सांगितलीं. आई गेली. तिच्या प्रश्नाला उत्तर मिळालेलें पाहून गेली. तिचें ऋण मोठें आहे, आणि तें फेडण्याचें काम आतां पुढच्या पिढीनें हातीं घेतलें आहे. येत्या पाडव्यास आपण गुढी उभारूं.